वाचकांचे प्रश्न : उशीला टेकवलेला वर्ग

(सप्टेंबर २०२१)

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मधे काही आठवडे काही वर्ग भरले, पण सप्टेंबर २०२१ मध्येही शहरांतली बहुतेक मुलं घरातच शिकत होती. त्यांच्या मनाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत.

मुलगा बारावी सायन्सला आहे. पहाटे चारला झोपतो. आठचं लेक्चर लागलं की अर्धवट झोपेत जॉइन होतो, कॅमेरा बंद, माइक बंद, फोन उशीला टेकवलेला, आणि परत झोपतो. हजेरी लागते! उठतो अकराला. काही बोललं की अंगावर येतो. त्याचे बाबा म्हणतात, फोन काढून घ्या. हा आळस आहे की आजार?
– एक आई, नाशिक

ताई, हा आळस नाही. आजार आहे का, हे आज सांगता येणार नाही. त्याचं झोपेचं घड्याळ जागेवर आणल्यावर ते कळेल.

वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात तास-दीड तास उशिरा तयार व्हायला लागतं. या वयाच्या मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप न येणं नैसर्गिक आहे, आणि त्यांना झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. एरवी सकाळची बस, वाटेतलं ऊन, कॉलेजच्या दारात थांबलेला मित्र या गोष्टी ते घड्याळ रोज मागे ओढून ठेवायच्या. त्या एकदम गेल्या. अंथरूण आणि वर्ग यांत अंतरच उरलं नाही, तेव्हा घड्याळ घसरत घसरत चारवर गेलं.

झोपायची वेळ ठरवू नका, उठायची ठरवा. झोप बळजबरीने आणता येत नाही, उठवता मात्र येतं. आज अकराला उठतो ना? मग दर दोन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे या : १०.४०, १०.२०, १०. या गतीने साडेसातला पोहोचायला तीन आठवडे लागतील. तोवर आठचं लेक्चर बुडेल. तसंही तो ते ऐकत नाहीच, त्यामुळे वर्गशिक्षकांना आधी कळवून रेकॉर्डिंग किंवा नोट्स मागून घ्या. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वीस-तीस मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात काढायची. खिडकीजवळ बसून चालत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. दुपारी डोळा लागलाच तर तीनच्या आधी आणि अर्ध्या तासाच्या आत. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी नको. रविवारी तासाभरापेक्षा जास्त सूट दिली, तर आठवड्याची कमाई सोमवारी परत करावी लागते.

लेक्चर अंथरुणात नको. पाट आणि भिंत मिळाली तरी चालेल, पण जागा वेगळी हवी.

फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, तुमचा आणि बाबांचाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा. सुरुवातीला फोन ठेवायची वेळ रात्री दोनची ठेवा आणि उठण्याची वेळ अलीकडे येईल तशी हीही आणा. पण फोन कायमचा काढून घेऊ नका. त्याचा कट्टा, त्याचं मैदान, त्याचे मित्र आज त्या फोनमध्येच आहेत. तो रात्री का जागतो, याचाही विचार करा. दिवसभर घरात सगळे असतात, टीव्ही चालू, कुणाचं वर्क फ्रॉम होम, कुकरच्या शिट्ट्या. घर त्याचं एकट्याचं होतं ते रात्री बारानंतर. दिवसा एक तास दार लावून बसायची मुभा दिलीत, तर रात्रीची ही ओढ निम्मी कमी होते.

हे बिघडतं कुठे? घरातले अधीर होऊन तिसऱ्या दिवशीच सहाला पांघरूण ओढतात. मुलगा दुपारी तीन तास झोपतो, रात्री परत जागतो, आणि ‘याच्यावर काही उपयोग नाही’ असा शिक्का बसतो.

महिनाभराने झोप सुधारली आणि चिडचिड उतरली, तर प्रश्न बराचसा तिथेच मिटला. पण सलग दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी किंवा चिडचिड (या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं), आवडत्या खेळातही रस नाही, जेवण फार कमी किंवा फार जास्त, ‘मी कशाच्याच कामाचा नाही’ असं बोलणं, यातलं बरंच काही दिसत असेल तर महिना संपायची वाट पाहू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा एकदा जरी आली, तरी त्याच दिवशी.

तिसरीतल्या मुलीचे रोज चार तास ऑनलाइन वर्ग चालतात. शेवटच्या तासाला ती रडते. शाळा म्हणते, पालकांनी सवय लावावी.
– पिंपरी

सवय लावायची गरज नाही, तास कमी व्हायला हवेत. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचं शिक्षण मंत्रालय) जुलै २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार पूर्वप्राथमिकला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला अशीच चार. तुमच्या मुलीचा दिवस दीड तासात संपायला हवा. चार-पाच पालकांनी मिळून हे आकडे लेखी पत्रात घालून मुख्याध्यापकांना द्या. उत्तर येईपर्यंत दोन सत्रांनंतर तिला उठू द्या. राहिलेलं वहीत करून घेता येतं.

आमच्या वाडीत रेंज नाही, फोन एकच. मी बारावीला, भाऊ दहावीला. फोन आधी त्याला मिळतो. मला सारखं वाटतं की सगळे पुढे गेले, मी मागे राहिले. रात्री रडू येतं, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं.
– एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

तुझ्यात काही कमी नाही. एका फोनवर दोन बोर्डाची वर्षं चालवायची, हे ओझंच मोठं आहे. फोन आधी भावाला का, हा प्रश्नही रास्त आहे. तो आईबाबांसमोर भांडणातून न जाता कागदावरून जाऊ दे. आठवड्याचं एक वेळापत्रक कर, दोघांच्या तासांचे रकाने शेजारी-शेजारी. प्रत्येकाने ज्या विषयात खरंच अडतं असे दोन विषय निवडायचे. फोनवर थेट बसायचं ते त्याच तासांना. रकाने समोर आले की वाटणी बोलून पटवावी लागत नाही.

बाकी विषयांसाठी सरांना व्हिडिओऐवजी पीडीएफ आणि पाच-सात मिनिटांचा ऑडिओ माग. तासाभराच्या व्हिडिओला पाचशे एमबीच्या वर डेटा सहज जातो, ऑडिओ काही एमबीत येतो. टेकाडावर रेंज मिळते तिथे दिवसातून एकदा जाऊन सगळं डाउनलोड करायचं आणि घरी ऐकायचं. एकटी जाऊ नकोस, वाडीतली मैत्रीण बरोबर घे. दोघींनी मास्क लावून पडवीत तासभर अभ्यास केला, तर मागे पडल्याची भावनाही उतरते, कारण ती एकटेपणातच वाढते. आणि राज्याने २०२१-२२ या वर्षासाठीही २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला आहे. कमी झालेले धडे आधी पुस्तकात पेन्सिलीने खोडून टाक.

धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड, पाच मिनिटं. मग पुस्तकाचं एकच पान, दहा मिनिटांचा गजर लावून. गजर झाला की पुस्तक मिट, अगदी रंगात आली असलीस तरी. पहिल्या आठवड्यात एवढंच. पुस्तक उघडलं की भीती, ही जोडी अशाच छोट्या बैठकांनी सुटते. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर आईला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. ‘मनोदर्पण’ या केंद्र सरकारच्या उपक्रमाच्या ८४४८४४०६३२ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ विद्यार्थ्यांना मोफत समुपदेशन मिळतं.

दहावी परीक्षेविना पास झालो. ‘कोरोना बॅच’ म्हणून सगळे चिडवतात. मलाही माझे मार्क खोटे वाटतात.
– जळगाव

मार्क खोटे नाहीत. शंभरपैकी ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० गृहपाठ, तोंडी किंवा प्रात्यक्षिकावरून आले. हा नियम तू निवडलेला नाहीस. अकरावी प्रवेशाची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) देऊन स्वतःला पारखायची संधीही, ती परीक्षा रद्द करणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या १० ऑगस्ट २०२१ च्या निकालाने गेली, ही रुखरुख आम्हाला समजते. ती घालवायची असेल तर जुन्या प्रश्नपत्रिका घे, गणिताची एक आणि विज्ञानाची एक, घड्याळ लावून सोडव आणि शाळेतल्या सरांकडून तपासून घे. कच्चे धडे अकरावीचा अभ्यास जोर धरण्याआधी भरून निघतील.

रात्री अकराला एका विद्यार्थ्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला : ‘सर, कंटाळा आला, सगळं संपवावंसं वाटतं.’ मी ‘असं बोलू नये’ लिहिलं आणि रात्रभर झोपलो नाही. काय करायला हवं होतं?
– एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर, तुम्ही उत्तर दिलंत, हे फार मोलाचं होतं. पुन्हा असा मेसेज आला तर लिहू नका, लगेच फोन करा. स्पष्ट विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ऐकतंय हे मुलाला कळतं. ‘हो’ म्हणाला तर पुढचं विचारा : कसं, कधी, आणि ते साधन घरात आहे का. जितकं ठरलेलं उत्तर, तितका धोका जवळ.

फोन चालू ठेवूनच दुसऱ्या फोनवरून त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला उठवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवासाठी मला एकाला सांगावं लागेल’ असं त्याला सांगूनच सांगा. त्रास घरच्यांकडूनच असेल तर काका, मामा, शेजारी शोधा. रात्रभर त्याला एकटं सोडायचं नाही. शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा हा सगळ्यात मोठा धोका. तो त्याच रात्री घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. औषधांच्या गोळ्याही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो. काही घेतलं असेल किंवा बेत पक्का वाटत असेल, तर थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात. पोलीस केसच्या भीतीने वेळ घालवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर यातलं काहीही, सुविचारसुद्धा, टाकू नका. त्याला कॅमेरा सुरू करायला लावू नका. संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्वतः फोन करा, ‘जेवलास का’ पासून सुरुवात करा, आणि पुढचा फोन कधी येणार ते ठेवण्याआधी सांगा.