नाकावरच्या गाठीची बायोप्सी केली तर कॅन्सर पसरतो का?

नाही पसरत. आमच्या घरात या एका समजापायी दोन वर्षं गेली, म्हणून लिहितोय.

बाबांच्या नाकपुडीशेजारी कातडीच्याच रंगाचा कडक चट्टा होता. दुखणं नाही, रक्त नाही. स्किनच्या डॉक्टरांनी वरवरचा पापुद्रा काढून तपासला, रिपोर्ट आला ‘साधी गाठ’. पुढे तिथे मुंग्या यायला लागल्या, मग बधिरपणा. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, खोलवरचा तुकडा घेऊ. तर थोरले काका आडवे आले: “चाकू लावला की कॅन्सर पिसाळतो!” काका बँकेतून रिटायर झालेत, त्यांना सगळ्यातलं कळतं. बाबांनी भावाचं ऐकलं.

शेवटी निघाला मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा. कातडीच्या कॅन्सरचा दुर्मिळ प्रकार. वरच्या थरात निरुपद्रवी गाठीसारखाच दिसतो, खरं रूप खाली, आणि मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकतो. मुंग्या त्याच्याच. म्हणजे पहिला तुकडाच उथळ होता. काकांच्या मते मात्र त्या पहिल्या टोचण्यानेच गाठ ‘उठली’.

चट्टा दिसायला वाटाण्याएवढा, काढल्यावर खड्डा पाच रुपयांच्या नाण्याएवढा. कडा मोकळ्या असल्याचा, म्हणजे कडेला कॅन्सर उरला नसल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत सर्जननी नाक नव्याने बांधायला घेतलं नाही. मग कपाळाची कातडी भुवईजवळ जोडलेली ठेवून खाली वळवली. तो देठ तीन आठवड्यांनी कापला. बाबा इतिहासाचे मास्तर. त्यांनी सर्जननाच ऐकवलं, की टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी गाडीवानाचं नाक असंच पुण्याजवळ बांधलं होतं, आणि १७९४ साली ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली. तीन आठवडे ही सोंड घेऊन सदाशिव पेठेत दूध आणायला जायचे. काका एकदाही फिरकले नाहीत.

हां, मी डॉक्टर नाही. आणि नाकावरची प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. कॅन्सर निघालाच तर बहुधा बेसल सेल, म्हणजे कातडीचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर; तो क्वचितच दुसरीकडे जातो. पण मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तुकडा किती खोल घेणार, हे तोंडावर विचारा. दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स (काचेवरचे त्याचे पातळ काप) मागून घ्या.

घरात कोणी काका असतील तर त्यांना बायोप्सी झाल्यावर सांगा.