वाचकांचे प्रश्न : आकाशातल्या खुणांची नावं

प्रश्न : दोन ठिकाणांची नावं सारखी असली, तर वैमानिक खरंच चुकू शकतो का? संगणक असतो ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चुकू शकतो, आणि संगणकामुळेही. मी अनेक वर्षं हवाई वाहतूक नियंत्रक होतो. नव्या मुलांना मी आधी कोलंबियातली घटना सांगायचो. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री मायामीहून कालीला निघालेलं बोइंग ७५७ उतरण्याच्या तयारीत होतं. वाटेत ‘रोझो’ नावाचा रेडिओ बीकन, म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं केंद्र होतं. नकाशावर त्याची खूण ‘आर’. वैमानिकांनी संगणकात नुसतं ‘आर’ टाकलं. यादीत पहिला आला तो बोगोटाजवळचा ‘रोमिओ’! रोझोसाठी पूर्ण नाव टाकावं लागत होतं. विमान अंधारात डावीकडे, डोंगरांकडे वळलं. १६३ पैकी चारच माणसं वाचली.

त्याआधी नियंत्रकाने वाटेतलं ‘तुलुआ’ हे ठिकाण ओलांडल्यावर कळवायला सांगितलं होतं. वैमानिकांना वाटलं, थेट कालीला जायची परवानगी मिळाली. त्यांनी संगणकात तसं भरलं आणि तुलुआ त्यातल्या मार्गातून पुसलं गेलं. नियंत्रकाला त्यांचं बोलणं विसंगत वाटत होतं, पण ठराविक वाक्यांपलीकडे इंग्रजीत विचारणं त्याला जमेना. रडारही नव्हतं. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही गोष्ट.

आता हवाईमार्गांवरच्या अनेक खुणांना उच्चारता येतील अशी पाच इंग्रजी अक्षरांची नावं देतात. जगात एक नाव एकाच जागेला, असा नियम आहे. तरी कानाला सारखी वाटणारी नावं उरतातच. म्हणून नाव नीट ऐकू आलं नाही, तर अक्षरं सुटी करून विचारा, असं मी प्रत्येकाला बजावायचो.