मोटरहोमचा जनरेटर घराला जोडताना

प्रश्न: काका, आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक दिवस लाईट नव्हती. आता मुलाने ट्रॅव्हलर गाडीचं मोटरहोम करून घेतलंय, त्यात २.८ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, दोन्ही टोकांना पिनटॉप असलेली वायर करा, एक टोक गाडीत, दुसरं हॉलमधल्या मोठ्या प्लगमध्ये घाला, आणि मेन स्विच पाडा. चालेल का?

उत्तर: ताई, ती वायर करू नका. केली असेल तर आजच कापून टाका. एक टोक गाडीत लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात, आणि ते टोक कुणाच्या तरी हातात असतं. मेन स्विच पाडायची आठवण ठेवणारा माणूस अंधारात, गुडघाभर पाण्यात, घाईत असतो. तो एकदा विसरला की तुमच्या घरातला करंट मीटरमधून उलटा बाहेरच्या तारांत जातो.

मी ३१ वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर पलूसकडच्या एका गावात आम्ही लाईन जोडायला गेलो. परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची लेखी परवानगी, घेतलेलं, डीपीवरचे फ्यूज काढून माझ्या खिशात. तरी नियमाप्रमाणे तारेला डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेला करंट जमिनीत सोडणारी दांडी) लावला आणि चट्‌ करून ठिणगी उडाली. माझा सोबती तेव्हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. शोधलं तर एका घराच्या पडवीत जनरेटर, आणि अशीच दोन पिनांची वायर. पुढे तार तुटलेली, अलीकडे तीनच घरं, म्हणून लोड पडून जनरेटर बंदही पडला नव्हता. आजोबांना नातवाचं दम्याचं मशीन चालवायचं होतं. त्यांच्यावर मी आवाज चढवला नाही, पण सोबत्याला तासभर बोलता येत नव्हतं. हाच करंट डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या बाजूने शिरला, तर घरगुती दाबाचे पुन्हा हजारो व्होल्ट होतात.

त्यामुळे चेंजओव्हर बसवा. मीटर आणि मेन स्विचच्या पुढे, दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतील असा. दांडा एकतर लाईनकडे असतो नाहीतर जनरेटरकडे, दोन्हीकडे कधीच नाही. लाईट अचानक आली तरी दोन्ही सप्लाय एकमेकांवर आदळून जनरेटर जळत नाही. काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि बोर्ड तुमच्या भिंतीवरच्या २०१९ च्या पाण्याच्या डागापेक्षा वर घ्या.

गाडीच्या बाजूला झाकणाखाली जो सॉकेट दिसतो, तो बहुधा बाहेरची लाईट गाडीत घ्यायचा असतो. घराला द्यायला जनरेटरवरून वेगळा आउटपुट काढावा लागतो, त्यावर १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. तिथून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन कोअर केबल घ्या. तिसरी तार कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: गाडी रबरी टायरवर उभी असते, तिला स्वतःची अर्थिंग नसते. जनरेटरचा न्यूट्रल चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला आहे का, हेही मल्टिमीटरने तपासून घ्या. तो सुटा असेल तर शॉक लागला तरी ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडणार नाही.

लोडचं म्हणाल तर फ्रीज, पंखे, दिवे, मोबाईल आरामात. गीझर आणि इस्त्री विसरा. १ एचपीचा पंप सुरू होताना चौपट-पाचपट करंट ओढतो, म्हणून बाकी सगळं बंद करून आधी पंप लावा.

प्रश्न: साताऱ्यात शाहूपुरीत आमचा बंगला आहे. पावसात भिजू नये म्हणून मोटरहोम गॅरेजमध्येच ठेवून, शटर अर्धं उघडं ठेवून जनरेटर चालवला तर?

उत्तर: नाही. दादा, शटर पूर्ण उघडं असलं तरी नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं, दिवसभराचा शीण आहे. मोटरहोमचा सायलेन्सर बहुतेक गाडीच्या पोटाखाली सुटतो, त्यामुळे धूर जमिनीलगत पसरून दाराच्या फटीतून आत येतो. गाडी घरापासून किमान २० फूट लांब, उघड्यावर, सायलेन्सर खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला करून लावा. पावसाची भीती असेल तर केबलच्या जोडाला झाकण करा, गाडीच्या इंजिनाला नको. जनरेटर चालू असताना त्या गाडीत कुणीही झोपायचं नाही. कुणाला चक्कर आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, जनरेटर नंतर बंद करा आणि दवाखाना गाठा.

रात्रभर चालवायची गरजही नसते. दार न उघडता ठेवलेला फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. संध्याकाळी दोन तास चालवून पाणी चढवा, इन्व्हर्टर चार्ज करा, आणि झोपताना बंद करा.