गच्चीवरची राखण

प्रिय चिऊ,

रविवारी तू आजीला फोनवर विचारलंस, "आजी, हे दुकानात मिळत नाही का? आपण गरीब आहोत का?" आजी तेव्हा पुण्याच्या बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. हातातली पळी तशीच धरून ती हसली, "नाही गं राणी" म्हणाली आणि फोन आजोबांकडे दिला. तू लगेच छोटूच्या मागे पळालीस. मी मात्र तिथेच बसून राहिलो. खरं तर उत्तर मी द्यायला हवं होतं, आणि मला ते पटकन सुचलं नाही. तेव्हापासून भांडी घासताना, सायकलवर, ऑफिसात, तोच प्रश्न डोक्यात घोळतोय. म्हणून हे पत्र. मराठी शाळेमुळे तुला बरंचसं वाचता येईल. अडलं तर आईला विचार.

तू काही चुकीचं बोललीस असं मुळीच नाही. माणसं बाल्कनीत प्लास्टिक अंथरून, उन्हात उकिडवं बसून खायचं वाळवतात, हे तू इथे नेदरलँड्समध्ये, आपल्या आइंडहोव्हनला, कुणाकडे बघितलेलं नाहीस. मग तुला काय वाटणार?

आमच्या लहानपणी मे महिना म्हणजे संगमनेर. माईचं घर. माई म्हणजे तुझी पणजी, आजीची आई. जिन्यातल्या फोटोत नऊवारी नेसून, चष्मा हातात धरून बसली आहे ती. आम्ही पुण्याहून एस.टी.नं जायचो. आळेफाट्याला गाडी थांबली की उसाचा रस. चंदनापुरीचा घाट उतरायला लागलो की तुझी आत्या आणि मी खिडकीवरून भांडायला लागायचो, कारण संगमनेर आधी कुणाला दिसतं ही आमची शर्यत होती. घरात शिरलं की आधी नाक सांगायचं काय चाललंय ते. आंबूस वास आला की समजायचं, गहू भिजत पडलेत. म्हणजे कुरडया.

कुरडई तुला माहीत आहे. तळली की फुलते आणि तू बोटात अडकवून खातेस ती. पण ती होते कशी हे मी तुला कधी सांगितलंच नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, गाळायचे, पांढरं दुधासारखं पाणी रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. राहिलेल्या भुशाच्याही भुसवड्या करायच्या, टाकायचं काही नाही. आणि मग पहाटे, ऊन यायच्या आत, मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, मीठ-हिंग टाकायचं आणि चीक घोटायला घ्यायचा. मामीआजी दोन फडक्यांनी पातेलं धरून ठेवायच्या आणि आजी लाकडी दांड्यानं घोटायची. हात थांबला की गाठ झालीच. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा चकाकायला लागला, की माई बोटानं बघून म्हणायची, "झाला." पुढे सगळी घाई. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर जाऊन कुरडया घालायच्या, गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही. आत्या तेव्हा बारा-तेरा वर्षांची. सोऱ्या फिरवून तिचे तळहात लाल व्हायचे.

आणि मी? मी झोपलेला असायचो. मला उठवायचे ते गरम चिकाची वाटी पुढे ठेवून. वर तूप आणि साखर. चिऊ, त्या चवीबद्दल तुला काय सांगू? मऊ, बुळबुळीत, गरम. तू कदाचित "ई" म्हणशील. छोटू नक्की म्हणेल.

माझं काम दहानंतर सुरू व्हायचं. राखण. जिन्याच्या दाराशी सावलीत एक पोतं, हातात काठी, शेजारी पाण्याचा तांब्या. कावळे आणि चिमण्या हाकलायच्या. गच्चीभर पांढऱ्या कुरडया, एका कोपऱ्यात साबुदाण्याच्या पापड्या, दुसऱ्या कोपऱ्यात बटाट्याचा कीस, आणि जुनी काळी छत्री उघडी ठेवलेली, कावळे बिचकावेत म्हणून. मे महिन्याचं ऊन असं की अनवाणी पाऊल ठेवलं तर उडी मारून परत यावं लागायचं. दुपारी पापड्या वरून वाळलेल्या आणि खालून ओल्या असायच्या. तेव्हा हळूच एक सोलायची आणि तोंडात टाकायची. तळलेल्या पापडीपेक्षा ती अर्धओली पापडी मला आजही जास्त आवडते. माईला कळायचं. तिच्या पापड्या सरळ ओळीत असायच्या, मधली एक गेली की दात पडल्यासारखं दिसायचं. ती काही म्हणायची नाही.

आता जे सांगतो ते मी आजीशीही कधी बोललेलो नाही.

माझी चौथीची परीक्षा झाली होती त्या वर्षीची गोष्ट. कुरडयांचा मोठा घाणा होता, तीन घरांचा. आजीच्या दोन्ही बहिणी आल्या होत्या. मी राखणीला बसलो, आणि चारच्या सुमाराला मामाआजोबांच्या मुलानं खालून हाक मारली, विटीदांडूसाठी. गेलो. दहा मिनिटांत येतो असं मनाशी म्हणत गेलो. वळीव कसा येतो ते तुला इथल्या पावसावरून कळायचं नाही. इथे पाऊस दिवसभर रेंगाळतो. तिकडे आधी वारा पडतो, सगळं गप्प होतं, मग वावटळ येते, धुळीनं आकाश तांबडं होतं आणि टपोरे थेंब सुरू. गल्लीतून मी गच्चीकडे बघितलं तेव्हा आमचं प्लास्टिक हवेत उलटं झालेलं होतं.

सगळ्या बायका वर धावल्या. जेवढं उचलता आलं तेवढं उचललं, बाकीच्याचा गच्चीवर पांढरा चिखल झाला. माई बोलली खूप, पण ती आभाळाला बोलली. आजी एक अक्षर बोलली नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली, आणि मामीआजींनी तिच्यापुढे पाण्याची बादली ठेवली. त्यात तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ठेवले. सकाळच्या वाफेनं भाजलेले हात. मी दाराआड उभा होतो, तिला दिसत होतो. तिनं फक्त विचारलं, "तू भिजलास का रे?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गहू भिजत पडले. आम्ही त्या वर्षी पुण्याला पाच दिवस उशिरा परतलो.

तुझ्या प्रश्नानं मला हेच सगळं आठवलं. मे महिन्याची जी मजा मी तुम्हाला दर वेळी रंगवून सांगतो, ती माझ्या वाट्याची मजा होती. आजी वर्षातून एकदा माहेरी यायची, आणि तिथे पहाटे चारला उठून चीक घोटायची. आत्याला सोऱ्या, मला काठी. मामाआजोबा आणि नाना, म्हणजे तुझे पणजोबा, तर गच्चीवर यायचेच नाहीत. वाळवणाचे डबे भरले की मात्र चव बघायला सगळे हजर. हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही, मलाही नाही. आता खटकतं. मागच्या वर्षी मी आजीला विचारलं, "तुला माहेरी येऊन आराम नको का वाटायचा?" ती म्हणाली, "अरे, आम्ही तिघी बहिणी एका ओळीत बसून बोलायचो. घरी बोलायला होतं कोण?" हे खरंच तसं होतं, की मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. गरीब होतो का?

नव्हतो. पण पुरवून खाणारे होतो. नाना शाळेत मास्तर. घरात माणसं पुष्कळ. पावसाळ्यात भाजी महाग व्हायची, कधी यायचीच नाही. अशा वेळी माई डबा उघडायची, कुरडया भिजवून कांदा परतून त्यांची भाजी करायची. अचानक पाहुणा आला तर पापड तळून पानाची डावी बाजू भरायची. चार महिन्यांची बेगमी म्हणतात त्याला. आणि माईच्या मनात १९७२चा दुष्काळ होता. त्या वर्षी नगर जिल्ह्यात माणसं सरकारी कामांवर खडी फोडायला जायची, मुलांना सुकडी मिळायची, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी घराघरांत शिजायची. माई म्हणायची, ती भाकरी थापताना तुटायची. त्यानंतर तिनं कोठीची खोली कधी रिकामी होऊ दिली नाही. शेवटच्या वर्षी दिसत नव्हतं तरी डबे हातानं वाजवून बघायची, भरलेले आहेत का ते.

समोरच्या ओमाचं, त्या डच आजींचं, तळघर तुला आठवतं? तुला तिथे जायला फार आवडतं. काचेच्या बरण्या, नारिंगी रबराच्या कड्या, पाकातले पेर, घेवडा, लाल कोबी. तिथे तू कधी विचारलं नाहीस की ओमा गरीब आहेत का. तुला ते गोष्टीतल्या घरासारखं वाटतं. ओमा मूळच्या हार्लेमच्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या सहा वर्षांच्या होत्या. आपलं आइंडहोव्हन सप्टेंबर १९४४मध्येच मोकळं झालं होतं, पण मोठ्या नद्यांच्या उत्तरेला, हार्लेमकडे, जर्मनांचा ताबा राहिला, अन्न पोचेना, आणि लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. ओमानं ते मला एकदाच सांगितलं, पेर सोलत, मान वर न करता. माई आणि ओमा भेटल्या असत्या तर भाषेवाचून त्यांचं काही अडलं नसतं असं मला वाटतं.

पण हे सांगून तुझ्या प्रश्नावर माती टाकायची नाही. कारण दुकानात मिळतं हे खरं आहे. आपल्या इथल्या भारतीय दुकानात लिज्जतचं पाकीट असतं ना, तू सशाचं चित्र बघून उचलतेस ते? १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यांचं ते पाकीट. त्यातून हजारो बायकांच्या हाताला पैसे मिळाले. आजीनं उभ्या आयुष्यात किती कुरडया घातल्या असतील आणि सगळ्या वाटून टाकल्या! तिच्या हाताची कुणी किंमत केली असती तर तिला आवडलं असतं का, हेही मी कधी विचारलं नाही. तेव्हा तू पाकीट आणलंस तर त्यात कमीपणा काही नाही.

आणि तरी, गेल्या जूनमध्ये मी बागेत पापड्या घातल्याच. तुझ्या लक्षात आहे ना? स्ट्रॉबेरी खुडायला गेलो होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी. छोटूचे ओठ अजून लाल होते. तुमचा तो चार संध्याकाळी चालायचा उपक्रम नुकताच संपला होता आणि तू पदक गळ्यात घालूनच फिरत होतीस. ट्रॅम्पोलिनवर प्लास्टिक अंथरलं, आणि कबुतरं हाकलायला तू पाण्याची पिचकारी घेऊन बसलीस. दोन तास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू मधली एक पापडी सोलून खाल्लीस. ओळीत खिंड पडली. मी काही म्हणालो नाही.

पापड्या वाळल्या नाहीत पुऱ्या. रात्री दहापर्यंत उजेड असतो इथे, पण ऊन म्हणावं तसं लागत नाही. शेवटी ओव्हनमध्ये टाकल्या आणि कडा जळल्या. आजीला फोटो पाठवला तर तिनं २०१९च्या जुलैची आठवण काढली. ती तेव्हा इथे होती, तू चालायला शिकून फार दिवस झाले नव्हते, आणि जवळच गिल्झ-रायेनला ४०.७ अंश झाले होते, या देशात आजवर न झालेले. सगळे पडदे ओढून बसले होते आणि आजी बागेत उभी राहून म्हणाली होती, "अरे, आज किती वाळवण झालं असतं!"

तुला हे सगळं शिकायलाच हवं असं नाही. तू मोठी होऊन कुरडई केलीस नाहीस तर माईचं काही बुडत नाही. मी रागावणार नाही. वाईट थोडं वाटेल, ते लपवत नाही.

यंदा एक करायचं म्हणतोय. पुढच्या आठवड्यात चार दिवस ऊन दाखवतायत. काल रात्री मी वाटीभर गहू भिजत घातलेत, धुण्याच्या यंत्रावरच्या निळ्या पातेल्यात. वास आला तर ओतून टाकू नका, छोटूलाही सांग. रोजचं पाणी मी बदलीन. चीक घोटायचा तो पण मीच घोटणार, आजी फोनवर समोर असेल. रविवारी पहाटे पाचला. तू झोप. वाटी घेऊन उठवायला मी येईन.

तुझा
बाबा