पुरात दुकान आणि घर दोन्ही बुडालं. आयकरात या नुकसानीची वजावट मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नदीकाठच्या गावात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, मागे राहतं घर. पाणी चढलं, दुकानातला माल, काउंटर, इन्व्हर्टर गेला. घरातलं फर्निचर, फ्रीज आणि दुचाकीही गेली. मालाचा विमा होता, तोही अपुरा. सरकारकडून पन्नास हजार मिळाले. नैसर्गिक आपत्तीच्या नुकसानीची करात वजावट मिळते असं तुम्ही इंटरनेटवर वाचलंत आणि ती कुठल्या रकान्यात भरायची, हे विचारताय.

आधी नको ती आशा दूर करतो. भारतात ‘आपत्तीची वजावट’ नावाचा रकाना कुठल्याच रिटर्नमध्ये नाही. तुम्ही वाचलं ते बहुधा अमेरिकेबद्दल असणार. तिथे सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत घरसामानाचं नुकसान झालं, तर फॉर्म ४६८४ भरून ते काही मर्यादेत वजा करता येतं. आपल्याकडे घरातला फ्रीज, कपाट, स्वतःच्या वापरातली दुचाकी यांचं नुकसान करात कुठेही बसत नाही. मात्र या वस्तूंचा विमा मिळाला तर त्यावरही कर नाही, कारण वैयक्तिक वापराच्या अशा जंगम वस्तू कायद्याने भांडवली मालमत्ताच धरल्या जात नाहीत.

दुकानाचं तसं नाही. तिथलं जवळजवळ सगळं नुकसान करात धरलं जातं, पण धंद्याच्या हिशेबातून, वेगळी वजावट म्हणून नव्हे. म्हणून घर आणि दुकान यांचे कागद पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. पंचनामाही दोन वेगळे करून घ्या. एकाच कागदावर ‘घर व दुकान मिळून नुकसान’ असं लिहिलं गेलं, तर पुढे विमा, जीएसटी आणि आयकर तिन्हीकडे तोच कागद आडवा येतो.

अजून चिखल काढला नसेल तर पुढचं नीट वाचा, कारण क्लेम असो वा करातलं नुकसान, दोन्ही याच दोन-चार दिवसांत वाचतात किंवा बुडतात. भिंतीवर आणि रॅकवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते तिचा फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढा. कुठल्या रॅकपर्यंत पाणी होतं आणि त्याच्या खाली काय होतं, हे त्यावरून सिद्ध होतं. मग प्रत्येक रॅकचा सलग व्हिडिओ, खोक्यांवरची नावं आणि नग दिसतील असा. तलाठी किंवा नगरपरिषदेच्या माणसाकडून पंचनामा करताना ‘किरकोळ सामान भिजले’ एवढ्यावर सही करू नका. वायरचे किती बंडल, किती पंखे, किती मोटारी, अंदाजे रक्कम किती, हे लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल टाकू नका. दुर्गंधीमुळे टाकावाच लागला तर यादी करा, वजन करा, भंगारवाल्याची पावती घ्या.

बिलंच भिजून लगदा झाली असतील तर घाबरू नका. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चं चिपळूण असो की ऑगस्ट २०१९ चं सांगली-कोल्हापूर, पुरात वह्याही मालाबरोबरच जातात. पण आता खरेदीचा माग जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये असतो आणि विक्रीचा जीएसटीआर-१ मध्ये. पुरवठादारांकडून खातेउतारे, बँकेकडून स्टेटमेंट मागवलंत की पुराच्या दिवशीचा स्टॉक पुन्हा उभा करता येतो.

तो कसा, ते आकड्यांत दाखवतो. समजा १ एप्रिलला दुकानात १२,००,००० चा माल होता. पूर येईपर्यंत ९,००,००० ची खरेदी झाली आणि जीएसटी सोडून १०,००,००० ची विक्री. तुमचा ढोबळ नफा वर्षानुवर्षं २० टक्के असेल तर विकलेल्या मालाची मूळ किंमत ८,००,०००. म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात १३,००,००० चा माल होता. वरच्या रॅकवरचा ३,५०,००० चा वाचला. गेला तो ९,५०,००० चा. त्यातला २,००,००० चा माल भिजका म्हणून ६०,००० ला विकला, उरलेला ७,५०,००० चा पार निकामी.

इथे एक धोका आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी (मालाच्या तारणावर मिळणारं चालू कर्ज) दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट देता, ते या हिशेबाशी जुळलं पाहिजे. मर्यादा टिकावी म्हणून बँकेला फुगवलेला स्टॉक दाखवायची सवय अनेकांना असते. पूर आल्यावर सर्व्हेअर तोच कागद मागतो, आणि मग बँकेचा आकडा खरा की वह्यांचा, यातच क्लेम महिनोन् महिने अडकतो.

आता हिशेबातली नोंद. गेलेला माल ३१ मार्चच्या शिल्लक मालात नसेल, म्हणजे नुकसान आपोआप नफ्यातून वजा झालेलंच असतं. तरीही पुष्कळ जण नफा-तोटा पत्रकात ‘पुराचे नुकसान ९,५०,०००’ असा खर्च वेगळा टाकतात. ते एकच नुकसान दोनदा घेणं झालं, आणि तपासणीत ते लगेच सापडतं. बरोबर पद्धत अशी: व्यापारी खात्यात ‘पुरात नष्ट झालेला माल’ म्हणून मूळ किंमत जमेला दाखवायची आणि तीच रक्कम नफा-तोटा खात्यात नावे टाकायची. निव्वळ परिणाम तोच राहतो, पण तुमचा २० टक्क्यांचा ढोबळ नफा शाबूत दिसतो आणि ‘या वर्षी मार्जिन एकदम का पडलं?’ हा प्रश्नच उरत नाही.

जीएसटी बहुतेक जण विसरतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, ठेवता येत नाही. १८ टक्क्यांनी ७,५०,००० वर ते १,३५,००० होतं. जीएसटीआर-३बी या रिटर्नच्या तक्ता ४(बी)(१) मध्ये ते उलटवा, म्हणजे परत करा. लांबवलंत तर व्याजाचा वाद मागे लागतो. ६०,००० ला विकलेल्या मालाचं क्रेडिट मात्र उलटवायचं नाही. ती विक्रीच आहे, रीतसर बिल करून मिळालेल्या किमतीवर जीएसटी भरा. भिजका माल बिलाशिवाय रोखीत काढून टाकला की तो ‘नष्ट’ गटात जातो, आणि त्याचंही क्रेडिट गमवावं लागतं. उलटवलेले १,३५,००० हा तुमच्या नुकसानीचाच भाग, आयकरात तो धरा. विम्याची रक्कम ठरवताना मालाची किंमत जीएसटीसह धरली असेल तर ३बी ची प्रत जोडून सर्व्हेअरकडेही लेखी मागा. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची जीएसटीतली योजना) असाल तर क्रेडिट कधी घेतलेलंच नसतं, त्यामुळे हा सगळा परिच्छेद तुम्हाला लागू नाही.

विमा अपुरा का मिळाला तेही समजून घ्या. माल १३ लाखांचा आणि विमा ६ लाखांचाच असेल, तर कंपनी नुकसानही त्याच प्रमाणात, म्हणजे तेरापैकी सहा भाग देते. विक्री वजा जाता ८,९०,००० वर ते साधारण चार लाख होतात, म्हणजे सर्व्हेअरने हिशेब चुकवला असं नव्हे. मालाच्या विम्याची रक्कम हे धंद्याचं उत्पन्न आहे. क्लेम ३१ मार्चनंतर मंजूर झाला तर नुकसान पुराच्या वर्षात आणि विमा पुढच्या वर्षात येतो. यात गैर काही नाही, पण पुढच्या वर्षी तो दाखवायला विसरू नका. आधी वजा घेतलेल्या नुकसानीची भरपाई नंतर आली की कलम ४१(१) खाली ती करपात्र होते.

सरकारच्या पन्नास हजारांचं काय? कलम १०(१०बीसी) प्रमाणे आपत्तीची सरकारी भरपाई व्यक्तीला करमुक्त आहे. पण त्याच कलमात एक अट आहे: त्या नुकसानीची वजावट ज्या प्रमाणात घेतली, त्या प्रमाणात ही सूट मिळत नाही. म्हणून घरासाठी मिळालेली मदत पूर्ण करमुक्त. दुकानासाठी मिळालेली मदत, तुम्ही मालाचं नुकसान हिशेबात घेतलं असेल तर, त्यातून वजा करा. सूट भागीदारी संस्थेला नाही, हेही ध्यानात असू द्या.

एकूण मांडणी अशी: ९,५०,००० अधिक १,३५,००० म्हणजे १०,८५,०००. त्यातून भिजक्या मालाचे ६०,०००, विम्याचे ४,००,००० आणि सरकारी ५०,००० (ते दुकानासाठी मिळाले असं धरून) गेले. उरलं ५,७५,०००, हे तुमचं खरं नुकसान. वर्षभरातला बाकीचा नफा आधी यात जिरतो आणि त्यातूनही उरलं तर तो धंद्यातला तोटा.

काउंटर, रॅक, इन्व्हर्टर, संगणक यांचा नियम वेगळा. त्यांची किंमत थेट खर्ची टाकता येत नाही. वह्यांत ती राइट ऑफ केलीत तर करहिशेबात नफ्यात पुन्हा मिसळावी लागते. या वस्तू घसाऱ्याच्या (झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच दराने घसारा मिळणाऱ्या वस्तूंच्या गटात असतात आणि ब्लॉकमधून फक्त मिळालेला विमा आणि भंगाराची रक्कम वजा होते. समजा यंत्रसामग्रीचा १५ टक्क्यांचा ब्लॉक २,४०,००० चा आहे आणि त्याला विमा नव्हता. मग वस्तू वाहून गेल्या तरी ब्लॉक तसाच राहतो आणि घसारा ३६,००० मिळतच राहतो. ९०,००० विमा मिळाला तर ब्लॉक १,५०,००० आणि घसारा २२,५००. फक्त ब्लॉक पूर्ण रिकामा होऊ देऊ नका. त्याच गटातली एखादी वस्तू चालू असली पाहिजे किंवा नवी घेतली पाहिजे. नवी घ्यायचीच असेल तर साधारण ३ ऑक्टोबरच्या आत वापरात आणा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की त्या खरेदीवर घसारा निम्माच मिळतो. भिजलेली मोटार रिवाइंड करणं, वायरिंग बदलणं, शटर सरळ करणं ही चालू दुरुस्ती आहे, ती त्याच वर्षी पूर्ण खर्ची पडते. जागा भाड्याची असेल तर दुरुस्ती तुमच्याकडे असल्याचं करारात हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही दरवर्षी आयटीआर-४ भरून कलम ४४एडी खाली, म्हणजे वह्यांऐवजी अंदाजाने, उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवत असाल, तर त्या फॉर्ममध्ये तोटा दाखवताच येत नाही. तोटा हवा असेल तर वह्या ठेवून आयटीआर-३ भरावा लागेल. मात्र एकदा बाहेर पडलात की पुढची पाच वर्षं ४४एडी मध्ये परत येता येत नाही, आणि ज्या वर्षी एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल त्या वर्षी ऑडिटही करावं लागतं.

म्हणून आधी स्वतःला विचारा, हा तोटा तुमच्या उपयोगी येणार आहे का? आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर पडत नाही. वर्षाला तीस-पस्तीस लाख उलाढाल आणि तीन-चार लाख नफा असलेल्या दुकानदाराला तसाही कर लागत नाही. त्याने तोटा पुढे नेण्यासाठी पाच वर्षं वह्या आणि सीएच्या फीचा भार घ्यावा, असं मी सांगणार नाही. जीएसटी आणि विम्याचे कागद मात्र त्यालाही नीट ठेवावेच लागतील. उलट नफा मोठा असेल, घरभाड्यासारखं दुसरं उत्पन्न असेल किंवा दुकान भागीदारी संस्थेच्या नावावर असेल, तर तोटा जरूर घ्या. संस्थेला पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आहे, तिथे या ५,७५,००० ला खरी किंमत आहे. पगाराच्या उत्पन्नातून मात्र धंद्यातला तोटा वजा होत नाही.

तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो, पण रिटर्न मूळ मुदतीत भरलं तरच. एक दिवस उशीर झाला तरी तो हक्क जातो. न वापरलेल्या घसाऱ्याला ही अट नाही. पुरामुळेच उशीर झाला असेल तर कलम ११९(२)(बी) खाली माफीचा अर्ज करता येतो. तिथे पंचनामा, वीज बंद असल्याचं पत्र, दवाखान्याचे कागद उपयोगी पडतात. आगाऊ कर भरत असाल तर सप्टेंबरच्या हप्त्यापासूनच नव्या अंदाजाने भरा, उगाच पैसे अडकवू नका.

घराबद्दल एकच वाट आहे. जुनी करप्रणाली निवडलीत तर राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला ३०,००० पर्यंत वजा होतं. घर नव्याने बांधण्यासाठी कर्ज घेतलं आणि पाच वर्षांत बांधकाम पूर्ण केलं तर ही मर्यादा २,००,००० होते. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी यातलं काही मिळत नाही. घर विमा उतरवलेलं होतं आणि पूर्ण कोसळलं, तर मिळालेली रक्कम कलम ४५(१ए) खाली भांडवली नफ्याच्या हिशेबात येते. ती खर्च करण्याआधी सीएला विचारा.

जोडधंदा म्हणून गोठा असेल आणि दुभती जनावरं दगावली असतील, तर खरेदी किंमत वजा मृत जनावराचे आलेले पैसे, एवढी रक्कम कलम ३६(१)(vi) खाली मिळते. खरेदीची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला हवा. शेतातल्या पिकाचं नुकसान मात्र करात कुठेच येत नाही, कारण शेतीचं उत्पन्नच करमुक्त आहे.

वरची आयकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून सीएकडे जाताना क्रमांक सांगण्यापेक्षा कागद घेऊन जा: दोन पंचनामे, सर्व्हेअरचा अहवाल, पुराच्या दिवशीच्या स्टॉकचा तक्ता, क्रेडिट उलटवलेलं ३बी, भिजक्या मालाची बिलं आणि सरकारी मदत कशासाठी मिळाली ते लिहिलेला आदेश.