‘हार्ट फेल्युअर आहे, आणि वजनं उचलायची?’

हृदय-पुनर्वसन केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. (हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याला पुरेसं रक्त पंप करता न येणं.) तो पेशंट क्वचित विचारतो, बहुतेक वेळा घरचेच विचारतात.

लालबागच्या चाळीतले एक काका (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 30 टक्के, पायांची सूज उतरलेली, गोळ्यांचं प्रमाण बसलेलं, तब्येत बरेच आठवडे स्थिर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्यायामाला आले. फिजिओने अर्ध्या किलोचं डंबेल हातात दिलं आणि काकू ताडकन उठल्या. “मी यांना दुधाची पिशवीसुद्धा उचलू देत नाही!”

अर्ध्या लिटरची पिशवी साधारण तेवढीच भरते. पण तेव्हा मी ते बोलले नाही. घाबरलेल्या माणसाशी हिशेब घालू नये.

त्यांची भीती हवेतली नव्हती. 1970च्या दशकातसुद्धा या आजारात विश्रांती हाच सल्ला असे. पुढे चित्र बदललं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ चाचणीत 2,331 स्थिर रुग्ण होते आणि व्यायाम सुरक्षित ठरला. तो व्यायाम चालण्या-सायकलचा होता, हेही सांगायला हवं. वजनांचे अभ्यास त्यामानाने लहान आहेत, पण योग्य रुग्णात ताकद वाढते हे त्यांतून दिसलं आहे.

मी काकूंना विचारलं, काका कुठे अडतात? “जिन्यात. आणि संडासातून उठताना.” चाळीतला संडास भारतीय पद्धतीचा. काका श्वास कोंडून, नळाला धरून उठायचे. खरा धोका तिथे होता. श्वास रोखून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो, हलक्या डंबेलने तसं होत नाही.

हृदय किती पंप करतं यावरून माणूस किती चालेल हे ठरत नाही. या आजारात रक्त कमी पोचतं, त्यात अंथरूण धरलं की मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि दुबळ्या स्नायूंवर दोन पायऱ्या चढतानाही धाप लागते. काकूंनी काळजीपोटी काकांच्या हातून काढून घेतलेलं एकेक काम या झिजेत भरच घालत होतं. हे मी काकांसमोर नाही, काकूंना बाजूला घेऊन सांगितलं.

मग काकूंनाच सत्रात बसवलं. खुर्चीवरून उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, हलकं वजन. एका वेळी 10 ते 15 वेळा, आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. 6 ते 20च्या बोर्ग मोजपट्टीवर (किती दमल्यासारखं वाटतं ते पेशंटनेच आकड्यात सांगायचं) दमणूक 11 ते 13च्या आत. जोर लावताना श्वास सोडायचा. मोजायचं काम काकूंकडे. काका मोठ्याने आकडे म्हणत, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. ही फिजिओची युक्ती मला फार आवडते.

रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं. तीन दिवसांत 2 किलो वाढ, नवी सूज, रात्री झोपल्यावर धाप, छातीत दुखणं किंवा भोवळ आली तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. ही यादी काकूंनी फ्रिजवर चिकटवली आहे.

दुधाची पिशवी आता काकाच आणतात. वाद उरलाय तो सिलिंडरचा. 14.2 किलो गॅस, वर टाकीचं वजन वेगळं, काका म्हणतात, “उचलत नाही, नुसता सरकवतो.” इथे मी पूर्ण काकूंच्या बाजूने आहे.