जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय, घों घों आवाज येतो, बाहेर लीक कुठेच नाही. मेकॅनिक म्हणतो पंप बदला. बदलू का?

नका बदलू. लागला तर बदला, पण गेज लावून प्रेशर बघितल्याशिवाय अजिबात नाही. 'पंपच गेलाय' हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं, कारण हेच वाक्य मी आमच्या भावजींकडून अजूनही प्रत्येक लग्नकार्यात ऐकते.

सासऱ्यांची सत्तरच्या दशकातली गाडी आहे, चालवते मीच. लक्षणं डिट्टो तुमचीच, जागेवर वळवताना जड, घों घों, रेस दिली की जरा हलकं. मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि पंप म्हणाला, भावजींनी लगेच मान डोलावली. मी म्हटलं अहो ऑइलच्या डबीचं झाकण काढून बघा तरी, लालभडक ऑइल फिकट गुलाबी झालंय, वर बुडबुडे आहेत, हवा जातेय कुठूनतरी. तर भावजी म्हणे, वहिनी, हवा जात असती तर ऑइल बाहेर नसतं आलं का? झालं. रिबिल्ट पंप बसला, जुना ओरिजिनल एक्स्चेंजमध्ये गेला (याचा राग मला आजही आहे), आणि गाडी चालू केली तर तोच आवाज. आता म्हणे हा रिबिल्टच खराब निघाला.

मग दुपारी सगळे झोपलेले असताना इंजिन बंद ठेवून मी डबीतून पंपाकडे येणाऱ्या जाड होजच्या दोन्ही टोकांना बोटाने ग्रीस थापलं, चांगलं जाडसर, क्लिपच्या खाली शिरेल असं. गाडी चालू करून स्टिअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवत राहिले आणि आवाज बसत बसत गेलाच. होज काढला तर वरून काळा चकचकीत, पण पंपाकडच्या तोंडाला क्लिपखाली केसाएवढ्या उभ्या चिरा. ही सक्शनची बाजू. इंजिन चालू असताना तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे ऑइल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून 'लीक नाही' याला काही अर्थ नाही. आणि फेसाळलेल्या ऑइलवर कुठलाही पंप नीट प्रेशर देऊ शकत नाही, नवा असो की जुना.

भावजींचं मत आजही हेच की दुसरा पंप 'सेट झाला' म्हणून आवाज गेला. बरोबर ग्रीस लावल्यावरच सेट झाला होय?

असो, तुमचं. आधी पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. तसंही अडकत असेल तर हायड्रॉलिकचा संबंधच नाही, बॉल जॉइंट, कॉलमचा जॉइंट किंवा कोणीतरी जास्त टाइट केलेला स्टिअरिंग बॉक्स बघा. क्रॉसप्लायच्या जागी रेडियल टायर टाकले असतील तरी जागेवर जड लागतंच. बेल्ट बघितला असेलच. ग्रीस लावून फरक पडला तर होज बदला, पण पॉवर स्टिअरिंगचं ऑइल सहन करणाराच, रेडिएटरचा होज कापून लावू नका. मग चाकं वरच ठेवून, इंजिन बंद, स्टिअरिंग हळूहळू लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवत ऑइल टॉप-अप करा, बुडबुडे थांबेपर्यंत. घाईने स्टार्ट केलं की परत फेस.

तरीही जड असेल तर पंप आणि बॉक्सच्या मध्ये व्हॉल्व्हवालं गेज लावायला सांगा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर मॅन्युअलमधलं प्रेशर येत नसेल तर दोष पंपाचा, पण त्यातही आधी पंपाचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह काढून साफ करा, पुष्कळदा तोच चिकटलेला असतो. प्रेशर येतंय पण गेजचा व्हॉल्व्ह उघडून फुल लॉकला पडतंय, तर बॉक्स आतून लीक. गेजचा व्हॉल्व्ह पाच सेकंदांच्या वर बंद ठेवू नका, नाहीतर चांगला पंप खरंच जाईल. आणि पंप बदललाच तर जुना डिकीत ठेवा, कोणी कितीही डिस्काउंट दिला तरी.

हे सांगायचं राहिलं, ऑइल कुठलं ते मॅन्युअलमध्येच बघा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं पण सगळ्यांना नाही, सित्रोएन डीएससारख्या गाडीची तर हायड्रॉलिक सिस्टिमच वेगळी, तिला माझं काहीच लागू नाही. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सील फुगतात. आणि बाहेर लीक दिसायला लागलं, खासकरून प्रेशर होजमधून एक्झॉस्टच्या बाजूला, तर गाडी चालवूच नका, गरम मॅनिफोल्डवर ते ऑइल पेट घेतं.